दहा घरांची लेस

क्रोशाबद्दल विचारणारी पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. अलीकडे त्यांत एक वाक्य हमखास असते : "मोबाइलवर बघून बघून डोळे दुखले, पण हात काही चालेना." चालणार कसा? तिथे विणणारीची बोटे भराभर पळत असतात आणि आपण नुसत्या बघत बसतो. म्हणून आज कागदावर, सावकाश, अगदी पहिल्या गाठीपासून साधी जाळीची लेस घेऊ. एकीने आणखीही एक लिहिले आहे. तिच्या सासूबाई म्हणतात, "बाजारात मीटरवर हवी तेवढी लेस मिळते, तू कशाला डोळे फोडून घेतेस?" सासूबाईंचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. त्याकडे मागाहून येते. आधी सुई हातात घेऊ.

सामान मोजकेच आहे. क्रोशाचा पांढरा सुती दोरा दहा नंबरचा घ्या. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, एवढे दुकानात लक्षात असू द्या, नाही तर 'वीस म्हणजे जाड' समजून भलताच गुंडा घरी यायचा. आजीच्या ट्रंकेतले नाजूक रुमाल चाळीस-साठ नंबरच्या दोऱ्याचे असतात. ते पाहून हुरळून जाऊन पहिल्याच दिवशी तसला दोरा आणू नका. दहा नंबरला पावणेदोन मिलिमीटरची पोलादी सुई बरी पडते. सुईच्या दांड्यावर आकडा कोरलेला असतो तो पाहून घ्या आणि तिचे टोक बोटावर फिरवून बघा. टोचत असेल किंवा दोऱ्याचे पदर फोडत असेल तर दुसरी मागा. रंगीत दोऱ्याचा मोह आत्ता नको. पांढऱ्यावर टाका स्पष्ट दिसतो. मांडीवर मात्र गडद रंगाचा पंचा घ्या, म्हणजे जाळीतली भोके नीट मोजता येतात.

आता हात. क्रोशात सुई धरणाऱ्या हातापेक्षा दोरा धरणाऱ्या हाताला जास्त शिकायचे असते. दोरा डाव्या करंगळीला एक वेढा देऊन, मधल्या दोन बोटांखालून नेऊन, तर्जनीवरून सोडायचा. करंगळी दोरा आवळते, तर्जनी तो ताणून धरते, आणि अंगठा व मधले बोट विणलेला भाग पकडतात. (डावखुऱ्या असाल तर सगळे उलट करा आणि कोणी काही म्हटले तरी उजव्या हाताची सक्ती करून घेऊ नका.) मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांच्या हाती सुई दिली की पहिला अर्धा तास दोरा बोटांवरून नुसता घसरत असतो. मग कधीतरी, सांगता येत नाही असा, हात बसतो. मुलग्यांचाही बसतो, बरं का! तुमचाही बसेल. पण पहिल्या दिवशी फक्त साखळ्या घाला. हातभर घाला, उसवा, पुन्हा घाला.

साखळी म्हणजे काय, तर सुरगाठ मारून सुई तिच्यात घालायची, सुईवर दोरा घ्यायचा आणि गाठीतून ओढून काढायचा. झाली एक साखळी. निरगाठ नको, ती सरकत नाही. नवशिक्या हाताच्या साखळ्या हमखास आवळतात, कारण सुटेल अशी भीती असते. पायाच्या साखळ्या आवळल्या की वरची लेस कितीही चांगली विणा, खालची कड गोळा होते आणि लेस केळ्यासारखी वाकते. यावर सोपा उपाय आहे : पायाच्या साखळ्या एक नंबर जाड सुईने घाला आणि पुढे नेहमीची सुई घ्या. 'जरा सैल हाताने विण' असे कोणी सांगून हात सैल होत नाही, सुई बदलली की आपोआप होतो.

दुसरा टाका मुका खांब. सुई टाक्यात घाला, दोरा आत ओढून आणा, सुईवर दोन वेढे झाले. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. हा बुटका टाका. तिसरा खांब, म्हणजे आपल्या लेसचा खरा आधार. इथे आधी सुईवर दोरा घ्यायचा, मग सुई टाक्यात घालून दोरा ओढून आणायचा. आता सुईवर तीन वेढे. दोरा घेऊन पहिल्या दोन वेढ्यांतून काढा, राहिले दोन. पुन्हा दोरा घेऊन त्या दोहोंतून काढा, राहिला एक. एवढेच. साखळी, मुका खांब आणि खांब एवढ्या भांडवलावर जन्मभर पुरतील इतक्या लेसा विणता येतात.

ज्या बहिणी इंग्रजी नमुने वाचतात त्यांच्यासाठी इथेच एक गोष्ट सांगून टाकते, कारण तिच्यापायी कितीतरी दोरा वाया जातो. अमेरिकन आणि ब्रिटिश पुस्तकांत एकाच नावाचे टाके वेगळे आहेत. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकेत 'सिंगल क्रोशे' म्हणतात आणि ब्रिटनमध्ये 'डबल क्रोशे'. आपल्या खांबाला अमेरिकेत 'डबल क्रोशे' आणि ब्रिटनमध्ये 'ट्रेबल'. म्हणजे नाव तेच, उंची एका पायरीने खाली-वर. नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' शब्द दिसला तर तो अमेरिकन समजावा. तुमची लेस चित्रातल्यापेक्षा बुटकी किंवा उंच होत असेल तर स्वतःच्या हाताला दोष देण्याआधी हे तपासा.

आता जाळी. जाळीत एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा एक खांब असे चालते. दोन खांबांमधल्या मोकळ्या चौकोनाला आपण घर म्हणू. आपल्याला दहा घरांचा नमुना करायचा आहे. ३५ साखळ्या घाला. सुईवर असलेला वेढा मोजायचा नाही. सुईपासून मागे मोजत आठव्या साखळीत पहिला खांब घाला. सात साखळ्या कशाला सोडल्या? तीन साखळ्या पहिल्या खांबाच्या जागी उभ्या राहिल्या, दोन घराचे छप्पर झाल्या आणि दोन जमीन. हे एकदा समजले की आकडे पाठ करावे लागत नाहीत. पुढे २ साखळ्या घाला, पायातल्या २ साखळ्या सोडा, तिसरीत खांब घाला. असे एकूण नऊ वेळा. शेवटचा खांब अगदी पहिल्या साखळीवर यायला हवा. एखादी साखळी उरली किंवा कमी पडली तर मोजणी चुकली आहे. तशीच पुढे रेटू नका.

ओळ संपली. ५ साखळ्या घाला (तीन खांबाच्या, दोन छपराच्या) आणि काम उलटे फिरवा. पहिला खांब अगदी कडेच्या खांबावर घालायचा नाही, कारण त्याच्या जागी आपल्या साखळ्या उभ्या आहेत. तो पुढच्या खांबाच्या डोक्यावर घाला. डोक्यावर दोऱ्याचे दोन पदर दिसतात, सुई त्या दोन्हींखालून गेली पाहिजे. एकाच पदरात घातली तर जाळी लोंबते. २ साखळ्या, पुढच्या खांबावर खांब, असे शेवटपर्यंत. आणि शेवट हीच खरी ग्यानबाची मेख! ओळीच्या टोकाला खांब नसून खालच्या ओळीच्या साखळ्या असतात, त्यामुळे नवशिकीला वाटते ओळ संपली. संपलेली नसते. २ साखळ्या घालायच्या, खालच्या साखळ्यांतल्या दोन सोडायच्या आणि तिसरीच्या डोक्यात खांब घालायचा. हा शेवटचा खांब विसरला की दर ओळीला एक घर गळते आणि चौकोनाचा त्रिकोण होत जातो. म्हणून प्रत्येक ओळ संपली की बोटाने घरे मोजा. दहा म्हणजे दहाच हवीत.

कुठे चुकले असे दिसले तर सुई काढून दोरा सरळ ओढा आणि चुकेपर्यंत उसवा. स्वेटर विणताना सुईवरून पन्नास टाके निसटले की जीव घाबरा होतो. क्रोशात जिवंत टाका एका वेळी एकच असतो. तेवढा पुन्हा सुईवर घेतला की काम चालू. गृहिणीला क्रोशा इतका सोयीचा का, याचे कारणही हेच. कुकरची शिट्टी झाली, दारावर कोणी आले, तर तो एक वेढा जरा मोठा ओढून त्यात सेफ्टी पिन अडकवा आणि उठा. तासाभराने या, नाही तर आठ दिवसांनी या, विणकाम होते तिथेच असते.

जाळीच्या तीन ओळी झाल्या की लेसची कड. चौथ्या ओळीसाठी १ साखळी घालून फिरवा आणि कडेच्या खांबाच्या डोक्यावर मुका खांब घाला. ५ साखळ्या, एक खांब सोडून त्याच्या पुढच्या खांबावर मुका खांब, पुन्हा ५ साखळ्या. दहा घरांवर अशा पाच कमानी होतात आणि शेवटचा मुका खांब त्या नेहमीच्या तिसऱ्या साखळीत येतो. पाचव्या ओळीला १ साखळी घालून फिरवा. आता सुई साखळीत न घालता सरळ कमानीखालून घाला आणि प्रत्येक कमानीत १ मुका खांब, ५ खांब, १ मुका खांब भरा. झाली पाकळी. लगेच पुढच्या कमानीत शिरा. पाच पाकळ्या झाल्या की वीतभर दोरा ठेवून कापा आणि टोक शेवटच्या वेढ्यातून ओढून घ्या.

आणि आता तुमची निराशा होणार आहे! हातात आलेला तुकडा चुरगळलेला, पाकळ्या वळलेल्या, घरे वाकडी-तिकडी अशी दिसेल. तिथेच कितीजणी 'आपल्याला नाही जमत' म्हणून सुई ठेवून देतात. अहो, लेस सुईवरून उतरली म्हणजे अर्धीच झालेली असते. ती कोमट पाण्यात साबणाने हलक्या हाताने धुवा, पंचात दाबून पाणी टिपून घ्या, पिळू नका. साबुदाण्याची पातळ खळ गाळून तिच्यात बुडवा. मग घडी केलेल्या जाड चादरीवर पसरून, पट्टीने कड सरळ करून, प्रत्येक पाकळीच्या टोकाला आणि खालच्या कडेला टाचण्या टोचा. टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात, पांढऱ्या लेसवर तांबूस ठिपका पडला की जात नाही. वाळू द्या. सकाळी टाचण्या काढाल तेव्हा हीच का ती कालची, असे वाटेल.

वाळलेला नमुना मोजा. समजा दहा घरांची रुंदी ८ सेंटिमीटर आली आणि तुम्हाला ४८ सेंटिमीटर लेस हवी, तर घरे ६०. घरांना तीनने गुणा, त्यात पाच मिळवा, म्हणजे १८५ साखळ्या. कमानी दोन-दोन घरांवर बसतात म्हणून घरांची संख्या सम असावी. लांब लेसला दहा-बारा साखळ्या जास्तच घालून ठेवा. शेवटी उरल्या तर सुरुवातीची गाठ सोडून सुईच्या टोकाने एकेक उलगडता येतात. कमी पडल्या तर मात्र सगळे मुळापासून आले. अरुंद लेस हवी असेल तर जाळीची एकच ओळ घेऊन थेट कमानी घाला.

आता सासूबाईंकडे वळू. बाजारात मीटरवर मिळते ती लेस बहुतेक यंत्राची असते. क्रोशासारखी दिसते, पण यंत्राचा टाका निराळा. हाताच्या क्रोशाचे शेवटचे टोक सोडून ओढले तर एकेक टाका क्रमाने उसवत जातो. रोजच्या उशांच्या अभ्र्यांना बाजारची लेस लावावी, माझी काही हरकत नाही. मग आपण विणायची कशासाठी? हौस म्हणून, लेकीच्या रुखवतात आपल्या हातचे काही असावे म्हणून, किंवा दुपारचा तास आपला स्वतःचा असावा म्हणून. ही कारणे मला पुरेशी वाटतात. डोळ्यांबद्दल मात्र सासूबाईंचे ऐका. रात्री मंद उजेडात पांढऱ्या दोऱ्याचे काम नको, आणि दर अर्ध्या तासाने मान वर करून लांब बघा.

पण 'फुरसतीत होतं' हे वाक्य फार जपून ऐकायचे असते. लेस बरी जमायला लागली की शेजारीण म्हणते, "अगं, माझ्या परकराला दे ना विणून, तुला काय, बसल्या बसल्या होतं." एकदा घड्याळ लावून बघा. समजा एका वितीला पाऊण तास लागला. अडीच मीटर घेराचा परकर म्हणजे साधारण अकरा विती, म्हणजे सव्वाआठ तास. एका नोकरदार माणसाचा कामाचा अख्खा दिवस झाला की हो!

या 'बसल्या बसल्या'ची मोठी गोष्ट आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूरची आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी तिकडच्या बायकांना लेस विणायला शिकवली. पुढे तो परदेशी माल पाठवण्याचा धंदा झाला आणि घरोघरच्या बायका त्यासाठी विणू लागल्या. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यात राहून अभ्यास केला आणि १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात दिसते ते असे की, घरचे सगळे उरकून या बायका दिवसाचे सहा-आठ तास विणत, आणि हाती पडणारे पैसे शेतमजूर बायकांच्या किमान मजुरीपेक्षाही कितीतरी कमी. व्यापार पुरुषांच्या हाती. कारण काय, तर या 'घरी बसलेल्या' गृहिणी, फावल्या वेळात विणतात, ते काम थोडेच! गंमत म्हणजे त्या बायकांचाही पुष्कळदा तसाच समज होता. नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, चांगले झाले. विणणारीच्या हातात काय पडते, हे ज्याने-त्याने लेस विकत घेताना विचारावे.

याच्या उलट बाजूही आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडून भयंकर दुष्काळ पडला तेव्हा मठांतून आणि शाळांतून बायकांना क्रोशा शिकवला गेला, आणि त्या लेसच्या पैशावर कितीतरी घरांची चूल पेटली. तेव्हा विणून चार पैसे मिळवू नयेत असे मी मुळीच म्हणत नाही. मिळवा. पण भाव सांगताना वहीत दोऱ्याची किंमत लिहिता तसे तासही लिहा. गिऱ्हाईक घासाघीस करील. परवडत नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. बहिणीला, भाचीला प्रेमाने फुकट द्या, तो आपला आनंद आहे. मात्र तिलाही किती तास लागले ते सहज बोलता बोलता सांगाच.

लेस कापडाला लावायची रीत थोडक्यात. कापड आधी धुऊन वाळवून घ्या, कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि लेसला चुण्या पडतात. कापडाची कड दुमडून शिवून घ्या. लेसची पायाची साखळी त्या कडेला लावून पांढऱ्या शिवणाच्या दोऱ्याने हातशिलाई घाला, प्रत्येक घराला निदान दोन टाके पडू देत. लेस ताणून लावू नका. आधी मध्य, मग दोन्ही टोके, मग अधले-मधले भाग टाचून घेतले की कमी-जास्त होत नाही. ट्रेच्या रुमालाला समोरासमोरच्या दोनच बाजूंना लावलीत तर काहीच अडचण नाही. चारी बाजूंना हवी असेल तर कोपऱ्यात लेस वळवून विणावी लागते. ती रीत पुढच्या वेळी देईन. तोवर दहा घरांचा नमुना फेकून देऊ नका, कोपरा त्याच्यावरच काढायचा आहे.